पाखरांना ज्वारी नको, उंबर हवा

पाखरांना दाणा घालणे हे पुण्य, याबद्दल इंदुरात कुणाशी वाद घालावा लागत नाही. राजवाड्यासमोर, देवळांच्या आवारात, तलावांच्या पाळीवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर सकाळी ज्वारी-बाजरी पडते. तिच्या जोडीला आता शेव, उरलेले पोहे, ब्रेड, बिस्किटे. आमच्या मराठी घरांतून शिळी पोळी कुस्करून कठड्यावर ठेवण्याची चाल तर आजीच्या आजीपासूनची. हे करणाऱ्यांत माझ्या जवळची, प्रेमाची माणसे आहेत आणि त्यांच्या मनातल्या दयेविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, सार्वजनिक जागी दाणा टाकण्याची प्रथा थांबवायला हवी. नगर निगमने त्यासाठी कुठेही नवे चौथरे बांधून देऊ नयेत. आणि या कामी आज जो पैसा, वेळ आणि जिव्हाळा खर्च होतो, तो झाडांकडे वळवायला हवा. कारण त्या दाण्यावर शहरातली पाखरे जगत नाहीत, त्यावर फक्त कबुतरे वाढतात.

२०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला ते आपण सर्वांनी पाहिले. उच्च न्यायालय, महापालिका, ताडपत्री, मोर्चे. एका बाजूला श्रद्धा आणि जीवदया, दुसऱ्या बाजूला फुप्फुसांचे आजार. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेचा आणि पिसांचा धुरळा वर्षानुवर्षे श्वासातून गेला तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते, ती बरी होताना मागे व्रण ठेवते आणि श्वास कायमचा आखडतो, हे छातीच्या डॉक्टरांनी तेव्हा पुन्हा पुन्हा सांगितले. ते खरेच आहे. पण त्या सगळ्या वादात एक पक्ष बोलावलाच गेला नाही: बाकीची पाखरे. चिमणी, तांबट, शिंजीर, कोतवाल, दयाळ, धनेश यांना या दाण्याचे काय होते, हे कुणी विचारले नाही. इंदुरात हा प्रश्न अजून चिघळलेला नाही. म्हणूनच तो आत्ता, शांतपणे विचारता येईल.

सगळी मेख पिल्लांच्या तोंडात आहे. चिमणी ज्वारी खाते, म्हणून आपण समजतो की ज्वारी घातली म्हणजे चिमण्या वाढतील. पण चिमणी आपल्या पिल्लांना ज्वारी भरवत नाही. अंड्यातून नुकत्या निघालेल्या, अंगावर पीसही नसलेल्या पिल्लाला दाणा पचत नाही आणि त्याला लागणारी प्रथिने दाण्यात पुरेशी नसतात. त्याला लागतात अळ्या, मावा, छोटे किडे, कोळी. चैत्र-वैशाखात कुंडीतल्या जाईच्या वेलाकडे नीट पाहावे. चिमणी एकेक पान खालून तपासते. डोके वाकडे करून पानाच्या मागच्या बाजूला बघते, हिरवी अळी चोचीत धरते, कठड्यावर दोन-तीनदा आपटते, पुन्हा चोचीत नीट बसवते आणि तडक घरट्याकडे जाते. खाली पसरलेल्या ज्वारीकडे त्या वेळी तिचे लक्षही नसते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास झाला. ज्या पिल्लांच्या पोटात कीटक कमी आणि धान्य-पाल्याचा भाग जास्त, ती घरट्यातच उपाशी मरण्याचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले. म्हणजे अंगणात मूठभर दाणे सांडलेले असतानाही चिमणीचे पिल्लू उपाशी मरू शकते.

शिंजिराचेही तेच. फुलांतला मध पिणारा हा चिमुकला पक्षी पिल्लांसाठी कोळी आणि किडे टिपत फिरतो. सुगरण धान्याच्या शेतांवर तुटून पडते, पण पिल्लांना टोळ आणि अळ्या आणते. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. शहरातल्या बहुतेक पाखरांची पुढची पिढी किड्यांवर उभी असते.

या नियमाला अपवाद कोण? कबूतर. कबुतराचे नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीच्या आतल्या अस्तरातून दह्यासारखा दाट, प्रथिने आणि चरबी भरलेला पदार्थ तयार करतात आणि पिल्लाची चोच आपल्या चोचीत घेऊन तो भरवतात. पक्ष्यांच्या जगात हे फार दुर्मिळ आहे. कबुतरे-होल्यांच्या कुळाखेरीज रोहित पक्षी आणि एम्परर पेंग्विनच्या नरापुरतेच ते माहीत आहे. याचा अर्थ असा, की कबुतराला पिल्लू वाढवायला एकही अळी लागत नाही. त्याला फक्त स्वतःचे पोट भरायला धान्य हवे, बाकीचे त्याचे शरीर करते. मग ऋतूची वाट बघायची गरज उरत नाही. वर्षभर ज्वारी मिळाली तर ते वर्षभर अंडी घालते, एका वेळी दोन, साधारण अठरा दिवसांत पिल्ले. मुळात ते कड्याकपारींवर राहणारे पाखरू. आपण उंच इमारती, डक्ट आणि एसीच्या बाहेरच्या पेट्या बांधून त्याला कडेही दिले. चौकात पडणारी ज्वारी ही अशा प्रकारे थेट कबुतराच्या पिल्लाच्या पोटात जाते आणि चिमणीच्या पिल्लापर्यंत कधीच पोचत नाही. दाण्याने सगळ्या पाखरांचे भले होते हा समज याच ठिकाणी मोडतो.

२०२३ मध्ये देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ज्या जातींची दीर्घकाळची चढउतार सांगता आली अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटत आहेत. जोमाने वाढणाऱ्या मोजक्या जातींत मोर आणि कोकीळ यांच्याबरोबर कबूतर आहे. ज्याला आपण सर्वांत जास्त मदत करतो, त्याला मदतीची गरज सर्वांत कमी आहे.

यावर आमच्या शेजारच्या काकू जे म्हणतात ते बहुतेक घरांत ऐकू येते. "अहो, मुकी पाखरं ती. आपण नाही घातलं तर त्यांना कोण देणार?" या प्रश्नात माया आहे, पण त्याच्या मुळाशी एक समजूत आहे आणि मला झगडायचे आहे ते तिच्याशी. पाखरू म्हणजे असहाय, आपल्या हाताकडे बघत बसलेला जीव, ही ती समजूत. वस्तुतः अन्न शोधणे हेच पाखराच्या बुद्धीचे मुख्य काम आहे आणि त्यात ते आपल्याला थक्क करील इतके तरबेज असते.

उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे परळ ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले असेल. कावळा कुठून तरी वाळून कडक झालेला पोळीचा तुकडा घेऊन येतो, परळाच्या काठावर बसतो, तुकडा पाण्यात सोडतो. लगेच उचलत नाही. इकडेतिकडे बघतो, चोचीने तुकडा दाबून पाहतो, अजून कडक वाटला तर पुन्हा बुडवतो. मऊ झाला की मग खातो, आणि कधी कधी अर्धा खाऊन उरलेला कौलाच्या फटीत खुपसून वर एखादे वाळके पान ओढून ठेवतो. पुढच्या वेळेसाठी सोय करून ठेवण्याची ही अक्कल कुणी त्याला शिकवलेली नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कावळे शंख फोडून खातात. रेटो झाख या संशोधकाने १९७० च्या दशकात त्यांचा हिशेब तपासला. कावळे मोठेच शंख निवडतात आणि सुमारे पाच मीटर उंचीवरून खडकावर टाकतात. त्याहून खालून टाकला तर फुटायला फार वेळा टाकावा लागतो, फार वरून टाकायचा तर उडण्यातच शक्ती जाते. श्रम सर्वांत कमी पडतील ती उंची त्यांनी पकडलेली असते. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काटक्या आणि पाने तासून आकडे बनवतात आणि लाकडातल्या अळ्या ओढून काढतात. १९२१ पासून इंग्लंडमध्ये एक वेगळेच प्रकरण नोंदले गेले: दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून रामगंगेच्या कुळातले छोटे पक्षी वरची साय खाऊ लागले, आणि काही दशकांत ही युक्ती ब्रिटनभर दिसू लागली. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातला कोतवाल तर इतर प्राण्यांचे धोक्याचे इशारे हुबेहूब काढतो. ते घाबरून पळाले की त्यांच्या तोंडचा घास उचलतो. एकच इशारा वारंवार दिला तर ऐकणारे सावध होतात, म्हणून तो आवाज बदलतो.

मॅकगिल विद्यापीठातले लुई लफेव्र यांनी अशाच गोष्टी जमवल्या. पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकांतून त्यांनी नोंदी वेचल्या: अमक्या पाखराने कधी न खाल्लेली वस्तू खाल्ली, तमक्याने नवीच युक्ती करून खाल्ली. दोन हजारांहून जास्त नोंदी झाल्या. ज्या कुळांत असे नवे प्रकार जास्त, त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग शरीराच्या मानाने मोठा निघाला, आणि कावळ्यांचे कुळ सगळ्यांत वर होते. पुढे २०१६ मध्ये आणखी एक कोडे सुटले. एवढ्याशा डोक्यात एवढी अक्कल मावते कशी? तर पोपट, कावळे आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत चेतापेशी इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की, तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षाही त्या जास्त भरतात. कबूतरही मठ्ठ नाही, हे सांगायला हवे. जपानमधल्या प्रयोगशाळेत कबुतरांनी दोन चित्रकारांच्या शैलीतला फरक ओळखायला शिकून दाखवले आहे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. मिळेल ते खाणे आणि वाढणे हा त्याचा धर्म आहे.

मग आपण दाणा बंद केला तर पाखरे मरतील का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हे तपासून पाहिले गेले आहे. पंचवीस वर्षे जिथे दाणा घातला जात होता त्या वनातला दाणा बंद केला आणि तिथल्या छोट्या चिकाडी पक्ष्यांचे काय होते ते बर्फाळ हिवाळ्यात मोजले. दाणा कधीच न मिळालेल्या शेजारच्या वनातल्या पक्ष्यांइतकेच ते जगले. दाणा होता तोवर त्यांनी खाल्ला, नाही तेव्हा आपले आपण शोधले. बर्फात जे शक्य आहे ते माळव्यात अशक्य नाही.

उलट दाण्याची गर्दी पाखरांना मारू शकते, याचा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून हिरव्या फिंच पक्ष्यांत घशाचा एक परजीवी आजार पसरला. तो मूळचा कबुतरांचा. एकाच ठिकाणी, एकाच थाळीत लाळ लागलेले दाणे खाणाऱ्या फिंचांत तो वणव्यासारखा गेला आणि अंगणाअंगणात दिसणारा तो पक्षी निम्म्याहून जास्त कमी झाला. प्राणी-पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांच्या अंगणातच हे घडले, ही त्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्यात चौथऱ्यावर भिजून काळी पडलेली ज्वारी कुणी झाडत नाही. तिच्यावरची बुरशी विषारी असू शकते. आणि शेवेबद्दल इंदूरकराला वेगळे सांगावे लागू नये: तळलेले, मिठाचे, तिखटाचे ते खाणे वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या जिवासाठी नाही.

आता एका हाताने दाणा टाकताना आपण दुसऱ्या हाताने काय काढून घेतो, ते बघू. इंदूर २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळखले जाते आणि त्याचा मला खरोखर अभिमान आहे. पण स्वच्छतेबरोबर एक चापूनचोपूनपणाही आला. झाडाच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक. बागेत हिरवळीचा गालिचा, त्यावर फवारणी. डिव्हायडरवर शोभेचे पाम आणि कोनोकार्पस, ज्यांच्यावर ना फळ ना अळी. पाचोळा पडला की लगेच उचलला, कुठे कुठे जाळलाही. पाचोळ्यात, ओल्या मातीत, बाभळीच्या शेंगांत, रुईच्या पानावर जे किडे राहतात त्यांच्यावर पाखरांची पिल्ले वाढतात. आपण ती जमीन फरशीने झाकतो आणि वर ज्वारी टाकतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. त्यासाठी इंदूरने लवादाच्या आदेशाची वाट कशाला बघायची? आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक झाडाचा गळा मोकळा करणे हे एका पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे काम आहे.

आणि उंबर. वड, पिंपळ, उंबर, पिंपरण या कुळाचे एक झाड म्हणजे पाखरांचे अन्नछत्र. या झाडांचे परागीकरण एका चिमुकल्या गांधीलमाशीकडून होते. ती माशी फार दिवस जगत नाही, म्हणून वस्तीतली सगळी झाडे एकदम पिकून चालत नाही. कुठले तरी झाड आज, कुठले तरी महिन्याने, असे करत ती माशीला आणि पाखरांना वर्षभर पुरतात. वैशाखात बाकी सगळे वाळलेले असते तेव्हा तांबट, हरियाल, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, कावळे यांनी भरलेला वड ज्याने पाहिला आहे त्याला ज्वारीच्या पोत्याचे महत्त्व वाटणार नाही.

या झाडांशी सर्वांत घट्ट बांधलेला पक्षी म्हणजे धनेश. राखाडी धनेश इंदुरात अजून आहे. जुन्या झाडांच्या भागात, रेसिडेन्सीच्या बाजूला, त्याची चिरकी हाक ऐकू येते. विणीच्या काळात मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल आणि फळांचा चोथा लिंपून ढोलीचे तोंड आतून बंद करते. चोचीपुरती फट उरते. त्यानंतर काही आठवडे तिचे आणि मग पिल्लांचे सगळे खाणे नर आणतो. तो ढोलीपाशी येऊन खोडाला नखे रोवून बसतो. चोच रिकामी दिसते. मग मान किंचित मागे जाते, गळ्यात काही तरी सरकते आणि चोचीच्या टोकाशी एक पिकले उंबर येऊन थांबते. फटीतून दुसरे टोक बाहेर येते, ते फळ घेते. पुन्हा मान मागे, पुन्हा एक. गळ्यात साठवून आणलेली फळे अशी एकेक करून तो रिती करतो. मध्येच एखादा सरडा किंवा नाकतोडाही निघतो. या नराला कुठे कुठले झाड केव्हा पिकेल हे लक्षात ठेवावे लागते, आणि तो ते ठेवतो.

या पाखराला आपण काय देणार? ज्वारी तो खात नाही. लाकडी खोक्यात तो सहसा राहत नाही. त्याला ढोली पडण्याइतके म्हातारे झाड हवे, आणि जवळपास वेगवेगळ्या वेळी पिकणारे वड-उंबर हवेत. रस्ता रुंद करताना, पूल बांधताना, मेट्रो आणताना एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू असे जे सांगितले जाते, त्यात धनेशाच्या ढोलीचा हिशेब कुठेच नसतो. त्या दहा रोपांना ढोली पडायला आपल्या नातवंडांचे म्हातारपण उजाडेल.

आपल्या शहराला या बाबतीत परका आदर्श शोधायला नको. अहिल्याबाईंच्या दानधर्माबद्दल जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारताच्या वृत्तांतात एक गोष्ट नोंदली आहे. शेतकरी आपल्या पिकावरून पाखरांना हाकलत, ते पाहून बाईंनी उभ्या पिकाची शेते विकत घेवविली आणि ती पाखरांसाठी सोडली. लहानपणापासून आपण ही गोष्ट दयेची म्हणून ऐकतो. मला तिच्यातली समज जास्त मोठी वाटते. बाईंनी चौकात धान्य ओतले नाही. त्यांनी जागा दिली. उभ्या शेतात दाण्याबरोबर टोळ होते, अळ्या होत्या, बांधावरची झुडपे होती, लपायला ताटे होती. जे ज्याला हवे ते त्याने आपल्या अकलेने शोधून खावे. तीनशेव्या जयंतीच्या वर्षात आपण बाईंचे पुतळे, मिरवणुका, चर्चासत्रे सगळे केले. पाखरांसाठी सोडलेली एक एकर जमीन मात्र मी कुठल्या घोषणेत ऐकली नाही.

याच शहरात तसे काम झालेलेही आहे. सिरपूरच्या तलावाची एकेकाळी काय अवस्था होती ते जुन्या लोकांना आठवत असेल: कचरा, अतिक्रमणे, झाडतोड. भालू मोंढे आणि त्यांच्या नेचर व्हॉलंटिअर्स या संस्थेच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे त्या पाण्याच्या मागे उभे राहून तो वाचवला. मोंढ्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. आणि २०२५ मध्ये उदयपूरसोबत इंदूर हे पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळालेले देशातले पहिले शहर ठरले. तिथे हिवाळ्यात हजारो कोस उडून येणाऱ्या बदकांना कुणी दाणा घालत नाही. पाणी, गाळ, पाणवनस्पती आणि शांतता एवढे त्यांना पुरते. यशवंतसागरच्या काठच्या शेतांत सारसांच्या जोड्या आपले आपण चरतात.

आपल्या मराठी समाजाला तर एक खास कारण आहे. दर पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून माणसे कावळ्याची वाट बघत उभी असतात. बारा वाजून जातात, भात सुकतो, वडा गार होतो आणि कुणी तरी म्हणतेच, "कावळेच राहिले नाहीत हो हल्ली." त्या पंधरा दिवसांत कावळा यावा असे वाटत असेल तर उरलेले साडेअकरा महिने त्याला राहायला उंच झाड हवे, घरट्यासाठी भक्कम बेचके हवे. तो सहज विसरणाऱ्यांतला नाही हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये २००६ मध्ये जॉन मार्झलफ या संशोधकांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर अनेक वर्षे त्या मुखवट्याचा माणूस दिसला की कावळे कलकलाट करून अंगावर येत. जे पकडले गेले नव्हते ते, आणि तेव्हा जन्मालाही आले नव्हते ते सुद्धा. ज्या वस्तीत घरट्याची फांदी छाटली गेली त्या वस्तीबद्दल कावळ्याच्या मनात काय राहत असेल, याचा विचार फांदी छाटायला सांगण्याआधी करावा. सर्वपित्रीच्या निमित्ताने पितरांच्या नावाने एक पिंपळ किंवा उंबर लावणे आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालणे, याला कुठल्या शास्त्राची हरकत असणार? सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर या आपल्या वस्त्यांतल्या मंडळांनी गणपतीइतक्याच उत्साहाने हे अंगावर घेतले तर दहा वर्षांत फरक दिसेल.

एक गोष्ट मला मनापासून मान्य आहे. दाणा घालणाऱ्यांत एकटी पडलेली म्हातारी माणसे पुष्कळ असतात. सकाळचा तो अर्धा तास त्यांच्या दिवसातला सर्वांत भरलेला वेळ असतो, आणि तो त्यांच्यापासून ओढून घेणारा नियम निर्दय ठरेल. दंडाच्या पावत्या फाडून हे होणार नाही, होऊही नये. पण पाण्याचे परळ ठेवायला कुणाची ना नाही. माळव्याच्या मे महिन्यात त्याइतकी मोठी मदत दुसरी नाही, फक्त ते रोज घासून, ताजे पाणी भरून ठेवावे. गॅलरीत दोन कुंड्या अडुळशाच्या लावाव्यात, शिंजीर आपोआप येतो. कडीपत्त्यावर अळी दिसली तर लगेच औषध मारू नये; ती कुणाच्या तरी पिल्लाचा घास आहे. आजी-आजोबांना त्या अर्ध्या तासात पाखरू काय खाते हे बघायला मिळाले आणि नातवाला ते सांगता आले, तर सोबतही राहते.

नगर निगमकडून मात्र ठोस गोष्टी मागायला हव्यात. रस्त्याकडेच्या रोपांत निम्मी तरी वडाच्या कुळातली, पळस, पांगारा, काटेसावर, जांभूळ, बोर अशी असावीत. फाल्गुनात फुललेल्या सावरीवर आणि पळसावर मध्य आशियाकडे परत निघालेल्या भोरड्यांचे थवे उतरतात. त्यांना वाटखर्ची इथूनच मिळते. प्रत्येक बागेचा एक कोपरा न झाडता, न फवारता सोडावा. ढोली असलेल्या झाडांची वॉर्डवार नोंद व्हावी आणि ती नोंद पाहिल्याशिवाय कुठल्याही कामाला तोडीची परवानगी मिळू नये.

राणी सरायची झाडे याचे उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर आहेत. रीगलच्या त्या गजबजाटात संध्याकाळी पोपटांचे थवेच्या थवे तिथे मुक्कामाला येतात. मेट्रोच्या स्टेशनासाठी ती झाडे जाणार असे कळले तेव्हा या शहरातली माणसे त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरली. हुकुमचंद मिलच्या बंद आवारात आपोआप वाढलेल्या झाडीसाठीही लोक बोलले. ज्वारीचे पोते विकत घेणारी मंडळी मला तिथे हवी आहेत. त्यांची संख्या मोठी आहे, त्यांचा शब्द नगरसेवक ऐकतात, देवळांचे विश्वस्त ऐकतात. झाडतोडीच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या जातात तेव्हा त्यांतला प्रत्येक जण एक कागद लिहून वॉर्ड ऑफिसात देऊ शकतो. त्या कागदावर झाडाचे नाव असावे, त्यावर कोण राहते ते असावे, आणि ते काय खाते तेही.